आधी उतरवायची कशी, ते सांगा

पुण्यात बालेवाडीच्या बाजूला दोन इमारतींचं काम सुरू होणार होतं. खाली दोन तळघरं, वर तीन मजल्यांचं पोडियम पार्किंग (इमारतीच्या पायथ्याशी पसरलेले मजले) आणि त्याच्या डोक्यावर प्रत्येकी तीसेक मजले. गच्ची जमिनीपासून साधारण १०५ मीटरवर. प्लॅनिंग माझ्याकडे होतं, म्हणून टॉवर क्रेन कुठली, किती आणि कुठे उभी करायची हा कागदही माझ्याच टेबलावर आला. त्याआधीच्या साइटवर क्रेनच्या वेळेची वाटणी मी करायची: सकाळी सळई, दुपारी शटरिंग, संध्याकाळी भंगार. पण क्रेन मुळापासून निवडायची वेळ पहिलीच होती.

आमच्या प्लँट विभागाचे प्रमुख साठीला टेकलेले होते. सगळी साइट त्यांना काका म्हणायची. पहिल्या बैठकीत मी तीन कंपन्यांचे लोड चार्ट, म्हणजे कुठल्या अंतरावर क्रेन किती वजन उचलते त्याचे तक्ते, त्यांच्यासमोर पसरले. त्यांनी ते नीट रचून बाजूला ठेवले आणि विचारलं, "काढायची कशी?"

मी म्हटलं, "काका, अजून खड्डा खणायचाय."

"म्हणूनच आत्ता विचारतोय. चढवताना इमारत नसते, सगळीकडे जागाच जागा. उतरवताना इमारत मध्ये उभी असते. तुम्ही आधी उतरवायची कशी ते सांगा मॅडम, मग मॉडेल बघू."

चार्ट मात्र मी घरी नेऊन वाचलेच. ज्यांनी तो कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. क्रेन 'सहा टनांची' आहे असं म्हणतात तेव्हा ते सहा टन मास्टच्या, म्हणजे क्रेनच्या उभ्या मनोऱ्याच्या, जवळचे असतात. आम्ही विचारात घेतलेली क्रेन १५-१६ मीटरपर्यंतच ६ टन उचलायची. तिचा जिब, म्हणजे वजन उचलणारा आडवा हात, ५५ मीटर लांब, आणि त्याच्या टोकाला उरायचे जेमतेम १.३ टन. शिवाय दोर दोनपदरी लावलाय की चारपदरी, यावरही गणित बदलतं. चारपदरीत जास्त वजन उचलतं, पण वेग निम्मा होतो. स्लिंग, शॅकल, बादली यांचं वजन धरायचं ते वेगळंच.

आता उचलायचं काय? आमचं काम मायव्हनचं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या शटरिंगचं. या पद्धतीत पाट्या माणसंच स्लॅबमधल्या खिडकीतून हातोहात वरच्या मजल्यावर देतात, आणि काँक्रीट पंपाने चढतं. त्यामुळे क्रेनचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे सळई. २५ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई सुमारे ४६ किलो भरते. चाळीस सळयांचा गठ्ठा झाला १.८५ टन. आमच्या पहिल्या आराखड्यात सळईचं यार्ड मास्टपासून ४८ मीटरवर येत होतं, आणि तिथे क्रेनची ताकद होती साधारण १.५५ टन. विक्रेत्याने लगेच वरच्या वर्गातली क्रेन सुचवली. ती घेतली असती तर भाडं वाढलं असतं, पाया वाढला असता, आणि इमारतीला बसणारे हिसकेही वाढले असते. मी यार्डच १० मीटर अलीकडे ओढलं. ३८ मीटरवर तीच क्रेन २.१ टन उचलत होती. सगळ्यांचं लक्ष माल कुठे टाकायचा त्या अंतराकडे असतं, उचलायचा कुठून ते कुणी मोजत नाही. लिफ्टचं मशीन, जनरेटर असल्या एकदोनदाच येणाऱ्या जड वस्तूंसाठी मोबाइल क्रेन मागवायची असं ठरलं. वर्षात दोनदा लागणाऱ्या ताकदीचं भाडं दर महिन्याला का भरायचं?

एक क्रेन की दोन, यावर फार वाद झाला नाही. वर शंभर मीटर जाऊन परत येणं, बांधणं, फिरवणं, सोडणं हे सगळं धरलं तर एका फेरीला बारा-पंधरा मिनिटं जातात. म्हणजे दहा तासांत चाळीसेक फेऱ्या, त्याही वारा, जेवण आणि भांडणं वजा न करता. दोन्ही इमारतींचे स्लॅब एकाच आठवड्यात आले की कुणाची सळई आधी यावरून रोज महाभारत झालं असतं. म्हणून दोन क्रेन घेतल्या. दुसऱ्या इमारतीची क्रेन बाहेर मोकळ्या बाजूला उभी राहिली. तिच्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही. तिचा जिब पहिलीपेक्षा खाली ठेवला, म्हणजे एक जिब दुसऱ्याच्या वरून फिरताना मध्ये अंतर राहील.

उंचीचा मामला मात्र नाजूक होता. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, त्यामुळे उंचीचं ना-हरकत प्रमाणपत्र तिथून येतं. त्यात लिहिलेली उंची समुद्रसपाटीपासून मोजायची असते, आणि इमारतीच्या वर डोकावणारी क्रेनही त्या मर्यादेत बसावी लागते. आर्किटेक्टने मर्यादेच्या अगदी जवळ जाईल अशी इमारत बेतली होती. जुन्या धाटणीच्या क्रेनला जिबच्या वर सात-आठ मीटरचं शिखर असतं आणि त्यावरून जिबला ताण दिलेले असतात. सपाट माथ्याच्या क्रेनला ते नसतं. आम्ही सपाट माथ्याची घेतली ती याच कारणासाठी. दोन जिब एकमेकांवरून न्यायलाही तीच सोयीची.

मग काकांचा प्रश्न. इमारतीच्या उत्तरेला पोडियमच्या आतच जागा मिळत होती. बाहेर सहा मीटरचा रस्ता अग्निशमन गाडीसाठी मोकळा ठेवणं भाग होतं, तिथे पाया घेता येईना. लिफ्टच्या डक्टमध्ये उभी करून मजल्यांबरोबर वर नेता आली असती. तसं केलं तर मास्ट कमी लागतो, पण शेवटी क्रेन गच्चीवर अडकते. मग तिला उतरवायला गच्चीवर दुसरी छोटी क्रेन, तिला उतरवायला तिसरी, आणि तिचे तुकडे लिफ्टने खाली. काकांनी तो पर्याय ऐकूनच मान हलवली. राहिली ती उत्तरेची जागा, इमारतीच्या भिंतीपासून मास्टच्या मध्यापर्यंत साडेपाच मीटर.

बाहेरून उभी असलेली क्रेन ज्या वाटेने वर गेली त्याच वाटेने खाली येते. क्लाइंबिंग केज मास्टच्या भोवती असते, तिची एक बाजू उघडी असते, आणि त्या उघड्या बाजूने मास्टचा तुकडा आत घेतात किंवा बाहेर काढतात. हे चालू असताना जिब त्या उघड्या बाजूच्या वरच असावा लागतो, आणि क्रेन फिरवायची नसते. म्हणजे जिब एका ठरलेल्या दिशेला आणि काउंटर जिब, म्हणजे तोलाची वजनं लावलेला मागचा हात, बरोबर उलट दिशेला, अशा स्थितीत सगळी क्रेन शंभर मीटरवरून जमिनीच्या जवळ येते. दिशा इमारतीला समांतर असेल तर ठीक. ती तिरकी असेल तर काउंटर जिब गच्चीच्या खाली उतरतच नाही. आणि केजची उघडी बाजू कुठे येणार हे मास्ट कसा उभा केलाय यावर, म्हणजेच पायातले अँकर (मास्ट ज्यांना जोडतात ते काँक्रीटमध्ये गाडलेले लोखंडी पाय) कसे वळवून बसवलेत यावर ठरतं. तीन वर्षांनी क्रेन कोणत्या दिशेने उतरेल हे सगळ्यात खालच्या काँक्रीटमध्ये आधीच लिहिलेलं असतं.

कागदावर मी जिब पश्चिमेला धरला आणि वरून खालपर्यंत एकेक मजला तपासला. गच्चीच्या पातळीवर आर्किटेक्टने उत्तरेकडून दोन मीटर बाहेर येणारे काँक्रीटचे उभे पंख काढले होते. केजचा फळ्यांचा कठडा त्यांना घासत होता. पंख क्रेन उतरल्यावर झुल्यावरून बसवायचे असं ठरलं. आर्किटेक्ट आठवडाभर नाराज होते. त्यांचं म्हणणं होतं की क्रेनसाठी इमारत बदलायची ही उलटी रीत झाली. माझं म्हणणं होतं की इमारत बदलत नाहीये, फक्त क्रम बदलतोय.

पायाच्या गणितात मला खरी मजा आली. क्रेन बनवणारी कंपनी पायाला मुख्यतः तीन आकडे देते: खाली येणारं वजन, आडवा जोर आणि उलथवणारा मोमेंट, म्हणजे जोर गुणिले अंतर. ते कामावर असतानाचे वेगळे आणि वादळात बंद असतानाचे वेगळे. नवख्या माणसाला वाटतं की क्रेन वजन उचलते तेव्हाच धोका जास्त. उंच क्रेनच्या पायासाठी बहुतेक वेळा बंद असतानाचं वादळच निर्णायक ठरतं. आमच्या क्रेनचं वजन ५५ टन आणि वादळातला मोमेंट सुमारे १८० टन-मीटर. त्यात आडव्या जोराची भर पडून पायाच्या तळाशी १८९. आरसीसी कन्सल्टंटने, म्हणजे इमारतीच्या काँक्रीट-सळईचं गणित करणाऱ्याने, ६ मीटर बाय ६ मीटर, दीड मीटर जाडीचा ठोकळा धरला. त्याचं वजनच १३५ टन. सगळं मिळून १९० टन. म्हणजे वजनाची रेषा मध्यापासून जवळजवळ एक मीटर सरकते. सहा मीटरच्या पायाला तळ कुठेही न सुटण्याची मर्यादा नेमकी एक मीटर. कडेला जमिनीवर दाब येतो १०.५ टन प्रति चौरस मीटर.

हे झालं वारा सरळ आल्यावर. वारा कर्णाच्या दिशेने आला की तोच मोमेंट ठोकळ्याच्या एका कोपऱ्यावर जातो, समोरचा कोपरा थोडा सुटतो आणि दाब तेराच्या आसपास पोचतो. आमच्या खड्ड्याच्या तळाला कठीण मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, त्यामुळे तेराचं काही वाटलं नाही. त्याच प्लॉटवर वरच्या काळ्या मातीत हा पाया घेतला असता तर गोष्ट वेगळी होती. कन्सल्टंटने आणखी एक गोष्ट विचारली आणि मी चपापले: "पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचलं तर?" ठोकळा पाण्यात बुडाला की ५४ घनमीटर पाण्याएवढं, म्हणजे ५४ टन वजन हलकं होतं. क्रेन तरीही उलटत नव्हती, पण हाताशी असलेली सुरक्षितता तीनपटीवरून दुपटीच्या जरा वर येत होती. म्हणून आजूबाजूचा राफ्ट, म्हणजे इमारतीच्या पायाचा जाड सलग स्लॅब, पूर्ण होईपर्यंत उपसा पंप आणि त्याला वेगळा जनरेटर, हे क्रेनच्याच खर्चात धरलं.

कंपनीच्या तक्त्यातला वारा आणि आपला वारा एकाच मापाने मोजलेला नसतो, हेही तेव्हाच कळलं. युरोपातल्या पद्धतीत संदर्भाचा वेग दहा मिनिटांच्या सरासरीचा असतो. आपल्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, तो तीन सेकंदांच्या झोताचा असतो. पुण्याला ३९ मीटर प्रति सेकंद, मुंबईला ४४. नुसते आकडे शेजारी ठेवले तर युरोपची क्रेन आपल्या वाऱ्याला कमकुवत वाटते, आणि रूपांतर न करता कुणी ती नाकारतोही. आम्ही विक्रेत्याकडून पुण्याच्या वाऱ्यासाठीचं लेखी गणित मागितलं. यायला वेळ लागला, पण आलं.

मध्येच खर्च वाचवायची एक कल्पना वरून आली. पाया राफ्टपर्यंत न नेता, पोडियमचे खांब तयार झाल्यावर त्यांच्यावर लोखंडी गर्डरांची चौकट टाकून तिच्यावर क्रेन उभी करायची. मास्टचे तुकडेही वाचतील, स्लॅबमध्ये भोकंही पडणार नाहीत. अशा चौकटी करतात आणि त्या नीट केल्या तर टिकतातही. पण कन्सल्टंटने बैठकीत अमेरिकेतल्या बेलव्ह्यूची गोष्ट सांगितली. १६ नोव्हेंबर २००६ ला तिथे नेहमीच्या काँक्रीट पायाऐवजी लोखंडी चौकटीवर उभी केलेली टॉवर क्रेन कोसळली आणि शेजारच्या इमारतीत स्वतःच्या घरात असलेला एक माणूस गेला. चौकशीत दोष त्या चौकटीत निघाला. दिशा सतत बदलणाऱ्या मोमेंटखाली चौकटीचे सांधे थकतात, आणि त्यांचं गणित नेहमीच्या तुळईसारखं करून भागत नाही. कल्पना तिथेच मिटली.

अँकर हा पायातला सगळ्यात महाग आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. चार पाय काँक्रीटमध्ये कायमचे गाडायचे, परत मिळत नाहीत. म्हणून 'इथेच बनवून देतो' म्हणणारे फॅब्रिकेटर दाराशी उभे असतात. आम्ही कंपनीचेच घेतले, प्रत्येकावरचा क्रमांक आणि स्टीलचं प्रमाणपत्र जुळवून. सळई बांधताना फिटर सवयीने जागेवर धरायला वेल्डिंगचा टाका मारतो. अँकरच्या पायांना तो मारू द्यायचा नाही, कारण त्या स्टीलला उष्णता मानवत नाही. त्यासाठी काँक्रीट होईपर्यंत एक माणूस निव्वळ राखणीला बसवला होता. पाय एकेकटे बसवायचे नसतात. वर मास्टचा तुकडा जोडून चारही एकत्र उभे करायचे आणि मग लेव्हल घ्यायची. आमच्या मास्टची बाजू १.६ मीटर. तिच्यात एका बाजूला एक मिलिमीटरचा फरक राहिला तर शंभर मीटरवर तो ६२ मिलिमीटर होतो. सर्व्हेअरने काँक्रीट ओततानाही टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र हलवलं नाही, आणि व्हायब्रेटरवाल्याला दोन वेळा ओरडला.

चढवणं काकांनी म्हटल्यासारखंच झालं. मोबाइल क्रेन आली, खालचा मास्ट, केज, फिरणारा भाग, काउंटर जिब, मग एक वजन, मग जिब, मग उरलेली वजनं. हा क्रम पुस्तकातला, त्यात कुणी डोकं लावायचं नसतं. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे सक्षम व्यक्तीकडून चाचणी झाली. वीस टनांपर्यंतच्या यंत्राला त्याच्या क्षमतेपेक्षा २५ टक्के जास्त वजन लावून पाहतात. त्यासाठी काँक्रीटचे ठोकळे आधी वजनकाट्यावर तोलून त्यांच्यावर रंगाने आकडे लिहिले होते.

क्रेन उभी राहिल्यावर महिन्याभरात शेजारच्या सोसायटीतून तक्रार आली: रात्री ऑपरेटर नसताना क्रेन आपोआप फिरते, काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काही नव्हतं. काम संपलं की फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडायचा असतो, म्हणजे वाऱ्याकडे पाठ करून छत्री सांभाळावी तसा जिब वाऱ्याच्या दिशेला वळून उभा राहतो. ब्रेक लावून ठेवला आणि वादळ बाजूने आलं तर पायाचं आपलं सगळं गणित बाद. लोकांना वाटतं बांधून ठेवलेली क्रेन सुरक्षित. असते ती उलट. यातून आणखी एक गोष्ट निघते. दिवसा शाळेच्या मैदानावरून वजन जाऊ नये म्हणून फिरण्याला मर्यादा घालता येते, आणि आम्ही ती घातली होती. रात्री मात्र रिकामा जिब मैदानावर जाणारच. हे शाळेला आणि सोसायटीला आधीच लेखी सांगून ठेवलेलं बरं. लंडनसारख्या दाट शहरात यासाठी जिब उभा करता येणारी लफिंग क्रेन सर्रास वापरतात. आम्ही तिचा दर मागवला होता. मग परत विषय काढला नाही.

मार्केटिंगवाल्यांना जिबवर प्रकल्पाचं नाव हवं होतं, सहा बाय तीन मीटरचा फलक. ३९ मीटर प्रति सेकंदाच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला ९३ किलोच्या आसपास दाब पडतो. अठरा चौरस मीटर म्हणजे दीड टनाच्या वर, तेही शंभर मीटर उंचीवर, जिथे वारा आणखी जोरात असतो. काउंटर जिबवर लावतो म्हणाले. ते तर अधिकच वाईट, कारण मागचं क्षेत्रफळ वाढलं की जिब वाऱ्याबरोबर वळायलाच कुरकुर करतो. कंपनीच्या परवानगीविना काहीही लावणार नाही, असं मी लिहून दिलं. पुढे १३ मे २०२४ ला घाटकोपरला वादळात जाहिरातीचा भलामोठा फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जण गेले. त्यानंतर फलकाचा विषय आमच्याकडे कुणी काढला नाही.

आधाराचा दुसरा अध्याय टायचा. आमची क्रेन ४८ मीटरपर्यंत स्वतःच्या पायावर उभी राहू शकत होती. त्यापुढे मास्टला कॉलर, म्हणजे भोवतीची लोखंडी चौकट, घालून तिच्यापासून इमारतीपर्यंत तीन दांडे द्यायचे. हाच टाय. पहिला टाय ३६ मीटरच्या सुमारास, पुढचे साधारण २२ मीटरांनी. सगळ्यात वरच्या टायवर सगळ्यात जास्त जोर येतो, कारण त्याच्या वरचा मास्ट मोकळा डुलत असतो. नवा टाय वर लागला की खालच्याला आराम मिळतो. आमच्या वरच्या टायचा जोर वादळात वीसेक टन होता, कधी ढकलणारा, कधी ओढणारा.

वीस टन कुणाला द्यायचे? तक्त्यातल्या चित्रात दांडा एका जाडजूड खांबाला लावलेला दिसतो. मायव्हनच्या इमारतीत खांबच नसतात. असतात त्या १६० मिलिमीटरच्या भिंती, आणि उत्तरेच्या दर्शनी बाजूला तर बहुतेक खिडक्या आणि बाल्कन्या. बाल्कनीच्या स्लॅबला वीस टन दाखवले तर कन्सल्टंट फोनच ठेवेल. शेवटी जिथे आडवी भिंत आतून येऊन दर्शनी भिंतीला मिळते आणि त्याच पातळीवर स्लॅब आहे, अशी ठिकाणं शोधली. तिथे दोन्ही बाजूंनी जाड पाट्या आणि आरपार बोल्ट. आरपार बोल्टसाठी काँक्रीट ओतण्याआधी नळ्या ठेवायच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पाट्यांना भोकं पाडायची. शटरिंगचा ठेकेदार म्हणाला, "पाटी माझी, भोक तुमचं, पैसे कुणाचे?" चार जुन्या पाट्या बाजूला काढून त्यांचाच वापर प्रत्येक टायच्या मजल्यावर केला. साडेपाच मीटरचं अंतर म्हणजे दांडे लांब, आणि लांब दांडा ढकलताना वाकतो. म्हणून कंपनीचे नेहमीचे दांडे चालले नाहीत, जाड नळीचे मागवावे लागले. टाय जोडायच्या आधी त्या मजल्याचे क्यूब, म्हणजे काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, फोडून ताकद पाहायची, कॅलेंडर पाहून ठरवायचं नाही.

टायच्या मजल्यावरचा फ्लॅट क्रेन जाईपर्यंत अर्धवट राहतो. खोलीतून दांडा जात असेल तर खिडकी बसत नाही, रंग होत नाही. मी त्या फ्लॅटांचे क्रमांक विक्री विभागाला पहिल्याच महिन्यात कळवले होते. त्यांनी ते विकले, आणि ताबा इतरांबरोबरच देऊ असं सांगून विकले. पुढची पत्रापत्री मी वाचली नाही.

पोडियमच्या स्लॅबमधून मास्ट जातो तिथे चारही बाजूंना मोकळी फट ठेवली होती. एका पाहणीत दिसलं, फटीत कुणीतरी लाकडी गुटके ठोकलेत. क्रेन हलते म्हणून भीती वाटली असणार, आणि ते स्वाभाविकच होतं. पण गुटका ठोकला की तो स्लॅब न मागता टाय होतो, आणि खाली असल्यामुळे त्याच्यावर किती जोर येईल याचा हिशेब कुणीच केलेला नसतो. गुटके काढले, फटीवर सैल पत्रा लावला आणि त्यावर हिंदीत आणि मराठीत लिहिलं.

टाय बसवताना आणि मास्ट वाढवताना खालचा रस्ता बंद ठेवायचा आमचा नियम होता. तो बंद केला की गाड्या अडतात आणि रोज शिव्या पडतात. तेव्हा मी १५ मार्च २००८ चं न्यूयॉर्क सांगायचे. मॅनहॅटनच्या ५१ व्या रस्त्यावर अठराव्या मजल्याशी कॉलर बसवत होते. ती जड कॉलर सिंथेटिक पट्ट्यांवर टांगली होती. पट्टे तुटले, कॉलर मास्टवरून घसरत खाली गेली आणि नवव्या मजल्याजवळच्या टायवर आदळली. आधार गेलेली क्रेन रस्ता ओलांडून पलीकडच्या इमारतींवर पडली. सात जण गेले. आमचे रिगर कॉलर साखळीच्या ब्लॉकवर आणि तारेच्या स्लिंगवर धरायचे, धारदार कडेला रबर लावून. ऑपरेटर झारखंडचा होता. मास्ट वाढवायच्या आधी ठरलेलं वजन ठरलेल्या अंतरावर उचलून तो क्रेन तोलून धरायचा, आणि त्यानंतर त्याच्याशी कुणीही बोलायचं नाही, अगदी प्रोजेक्ट हेडनेसुद्धा.

मग उतरवायचा दिवस आला. पश्चिमेला जिब, पंखांची जागा मोकळी. मास्ट एकेक तुकडा कमी होत खाली येत गेला, टाय एकेक करून सुटत गेले. टाय कधी सोडायचा हाही क्रमच आहे. २७ एप्रिल २०१९ ला सिएटलमध्ये क्रेन उतरवताना मास्टच्या सांध्यांच्या पिना वेळेआधी अनेक ठिकाणी काढून ठेवल्या होत्या. वाऱ्याचा झोत आला आणि क्रेन रस्त्यावर कोसळली. चार जण गेले. घाईचं कारण नेहमी सारखंच असतं: दिवस मावळायच्या आत आटपायचं. आमच्याकडे दुपारी वळिवाचे ढग दिसले की काम थांबायचं आणि मोबाइल क्रेनचं भाडं चालू राहायचं.

त्या मोबाइल क्रेनचं काय, हा प्रश्न मी पायाच्या वेळीच सोडवून ठेवला होता, नाहीतर इथे अडकलो असतो. जिब आणि काउंटर जिब उतरवायला ती पोडियमवरच उभी राहणार होती. पोडियम ४५ टनांच्या अग्निशमन गाडीसाठी बेतलेला असतो, म्हणून सगळ्यांना वाटतं तो काहीही पेलेल. गाडीचं वजन चाकांमधून पसरतं. मोबाइल क्रेन वजन फिरवते तेव्हा तिच्या बाजूला पसरलेल्या टेकूच्या एकट्या पायावर तीस-चाळीस टन येऊ शकतात. कन्सल्टंटने पायांच्या चार जागा आधीच ठरवून तिथल्या तुळयांना जादा सळई दिली होती. तरीही खाली राफ्टपर्यंत प्रत्येक मजल्यावर टेकू लावले आणि पायांखाली लोखंडी पाट्या. एवढं करूनही चालक आला आणि म्हणाला, इथे नाही, दोन मीटर पुढे उभी करतो, तिथून सोपं पडेल. काका तेव्हा निवृत्त झाले होते, पण त्या दिवशी मुद्दाम आले होते. ते चालकाला बाजूला घेऊन गेले. काय बोलले माहीत नाही, गाडी ठरल्या जागीच लागली.

क्रेन गेल्यावर स्लॅबमधली भोकं भरायची होती. अँकर राफ्टच्या पातळीला कापले आणि वर काँक्रीट केलं. तळघर आणि खालचे पोडियम सोपे गेले. सगळ्यात वरच्या पोडियमवर बाग होती आणि जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा बरोबर मातीखाली येत होता. पहिल्याच पावसात खाली उभ्या एका गाडीच्या बोनेटवर पाणी टपकायला लागलं. वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला भोक क्रेनचं, क्रेनवाला म्हणाला भरणारे तुम्ही, बागवाला म्हणाला माती काढायचे पैसे वेगळे. सांध्यात इंजेक्शनने ग्राऊट भरून गळती थांबली, आणि अकाउंट्सने बिल क्रेनच्या खात्यावर टाकलं.